‘पोराला एक सर बास’ या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेतल्या क्रिकेटवाल्या पालकांच्या ग्रुपवर या सीझनला एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बॅटिंगचा कोच वेगळा, बॉलिंगचा वेगळा, फिल्डिंगचा वेगळा, ही सगळी खुळं मोबाईलवरच्या क्रिकेट मॅनेजर (म्हणजे आपणच संघ चालवायचा) गेममधून आली आहेत. गेममध्ये पैसे मोजून कोच घेतला की खेळाडूचे आकडे वाढतात, खऱ्या मैदानावर तसं होत नसतं. विजय हजारे, स्मृती मानधना सांगलीचेच, त्यांना कुठे होते असले कोच? पोराला एक सर बास, बाकी नुसता घाम गाळू द्या.

मेसेज कळकळीनं लिहिलाय आणि फीचा बोजा खरा आहे. पण त्यातला एक सल्ला मुलांच्या मणक्यावर बेतणारा आहे, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी गेमचं. असा गेम ज्यानं मन लावून खेळलाय त्याला ठाऊक असतं की कोच घेतला म्हणजे सगळं वाढलं, असं तिथंही नसतं. बॅटिंगचा कोच बॅटिंगच सुधारतो. कोवळा खेळाडू लवकर शिकतो, तिशी ओलांडलेल्यावर तेवढाच खर्च केला तरी फारसं हाती लागत नाही. कोचचा पगार मात्र ठरल्या वेळेला तिजोरीतून जातोच. म्हणून जाणकार खेळणारा दोन-तीन होतकरू पोरं हेरतो आणि त्यांना लागेल तोच कोच ठेवतो. कोणाला, कुठल्या वयात, कशासाठी, हे प्रश्न गेम विचारायला लावतो. मेसेजनं नेमके तेच गाळलेत.

‘हजाऱ्यांना कोण होतं?’ क्लॅरी ग्रिमेट होता! ऑस्ट्रेलियाचा हा लेगस्पिनर कसोटीत २०० बळी घेणारा जगातला पहिला बॉलर, ३७ कसोटींत २१६. १९१५ साली सांगलीत जन्मलेल्या हजाऱ्यांना त्याचं मार्गदर्शन मिळालं. पुढं जानेवारी १९४८ मध्ये ग्रिमेटच्याच अ‍ॅडलेडला, ब्रॅडमनच्या संघासमोर, लिंडवॉल आणि मिलर हे फास्ट बॉलर बॉलिंग टाकत असताना हजाऱ्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ काढले. मेहनत त्यांचीच, त्याबद्दल वादच नाही. पण ‘कोच नसताना मोठा झालेला माणूस’ म्हणून त्यांचं नाव पुढं करणं चूक आहे.

स्मृतीच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे. वडील आणि भाऊ सांगली जिल्ह्याकडून खेळलेले, आणि सांगलीतच अनंत तांबवेकर सरांच्या हाताखाली ती तयार झाली. बारा-तेरा वर्षांपर्यंत एक चांगले सर, भरपूर बॅटिंग आणि घरचा पाठिंबा पुरतो, हे मलाही मान्य आहे. दहा वर्षांच्या पोराला बॅटिंगचा खास कोच लावून देणाऱ्या पालकांना मीही नकोच म्हणेन. पण हा नियम मेसेजनं सरसकट सगळ्यांना लावलाय आणि तिथंच तो घसरतो, कारण पुढचं वाक्य आहे: ‘फास्ट बॉलर आपोआप घडतो, टाकत राहायचं.’

सीझन बॉल (चामड्याचा कडक बॉल) जोरात टाकताना पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीरावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. त्याच क्षणी पाठ मागं झुकलेली, बाजूला कललेली आणि पिळलेली असते. उजव्या हातानं टाकणाऱ्याच्या कमरेच्या मणक्याला बहुतेकदा डाव्या बाजूला बारीक तडा जातो, तो या भारानं. पोरगं म्हणतं, ‘कंबर धरलीय.’ घरचे बाम चोळतात आणि रविवारी टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला ते पुन्हा पळतं.

बॉलिंगचा जाणकार कोच नेटमध्ये काय करतो ते एकदा उभं राहून बघा. बॉल कुठं पडला याकडे त्याचं लक्षही नसतं. तो बॉलरच्या मागं उकिडवा बसून मागचं पाऊल कसं टेकतं ते बघतो. पाऊल क्रीजला समांतर पडलं म्हणजे कंबर बॅट्समनला आडवी, बाजू करून आहे. त्याच वेळी खांदे बॅट्समनकडे उघडले असतील तर कंबर एकीकडे, खांदे भलतीकडे. याला मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणतात आणि पाठीच्या दुखापतीशी तिचा संबंध अभ्यासांतून पुढं आलेला आहे. चाळीस पोरांचं नेट एकट्यानं सांभाळणाऱ्या सरांना हे दिसणार कधी? त्यात त्यांचा दोष नाही.

इंग्लंडच्या बोर्डाची मार्गदर्शक मर्यादा १४ आणि १५ वर्षांखालच्या फास्ट बॉलरसाठी सलग ६ ओव्हर, दिवसात १२ अशी आहे. आपल्याकडे याच वयाचं पोरगं सकाळी शाळेची मॅच आणि दुपारी क्लबची खेळतं. भारताचा फास्ट बॉलर जसप्रीत बुमराला २०१९ मध्ये पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर (भारानं हाडाला जाणारा तसाच बारीक तडा) झालं, २०२३ मध्ये पाठीचं ऑपरेशन करावं लागलं, तेही संघाचे फिजिओ, ट्रेनर दिमतीला असताना.

‘स्पेशालिस्ट नसते दोष काढून पैसे उकळतो.’ असे लोक असतीलही. पण १९८७ मध्ये सचिन तेंडुलकर फास्ट बॉलर व्हायला चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला, तेव्हा तिथले कोच, ऑस्ट्रेलियाचा माजी फास्ट बॉलर डेनिस लिलीनं त्याला बॅटिंगकडेच लक्ष दे म्हणून सांगितलं. त्याच फाउंडेशनमध्ये पुढं श्रीरामपूरचा झहीर खान घडला. कोणाला नाही म्हणायचं हेसुद्धा त्यातल्या माणसालाच कळतं.

फिल्डिंगबद्दल मेसेजमध्ये एकच ओळ आहे, ‘ते तर कोणीही करून घेतं.’ ऑस्ट्रेलियानं त्यासाठी बेसबॉलमधला माईक यंग आणला होता, एवढं पुरे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो सोडवता येतो. दर महिन्याचा वेगळा कोच कोणालाच नको आहे. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याच्या अकॅडम्यांनी मिळून सीझन सुरू होण्याआधी दोन-तीन दिवस बॉलिंगचा एक जाणकार बोलवावा आणि तेरा वर्षांपुढच्या फास्ट बॉलरांनाच त्याच्यासमोर उभं करावं. नेहमीचे सर शेजारी असावेत, पुढं रोज बघायचंय त्यांनाच. पालकांनी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये एक व्हिडिओ बॉलरच्या पाठीमागून, एक बाजूनं काढून ठेवावा. आणि एक वही करावी. रोज किती बॉल टाकले ते तीत लिहायचं, नेट, शाळेची मॅच आणि टेनिस बॉलची टुर्नामेंट सगळं धरून. कोच आला की आधी ती वही त्याच्या हातात द्यायची, मग पोराला रन-अप घ्यायला सांगायचं.