‘या वस्तू आजच फेका, कॅन्सर टाळा’: यादीत खरं किती?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या यादीत गाडीत तापलेली पाण्याची बाटली, डिओ, नॉनस्टिक तवा आणि टूथपेस्ट असतात.

‘बाटली उन्हात तापली की पाण्यात डायॉक्सिन उतरतं.’ साफ चूक. डायॉक्सिन हे कर्करोग घडवणारं विषारी रसायन तयार होतं ते क्लोरीन असलेला कचरा जळताना, शेकडो अंश तापमानाला. पाण्याची बाटली पीईटी नावाच्या प्लास्टिकची. तिच्यात क्लोरीन नसतंच, आणि उन्हातली गाडी तापून तापून साठ-सत्तर अंशांपर्यंत जाते. उष्णतेने प्लास्टिकमधला अँटिमनी हा धातू पाण्यात थोडा जास्त झिरपतो, म्हणून दुकानाबाहेर उन्हात पडून असलेली बाटल्यांची खोकी घेऊ नयेत, एवढंच. डायॉक्सिनची खरंच धास्ती असेल तर सोसायटीमागे पालापाचोळ्यात पीव्हीसीच्या, म्हणजे क्लोरीनवाल्या प्लास्टिकच्या, वायरी पेटवणं थांबवा.

‘डिओने घाम अडतो, विष साठतं, स्तनाचा कर्करोग होतो.’ घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि क्षार. शरीरातली घाण काढतात यकृत आणि मूत्रपिंडं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात स्तनाचा कर्करोग झालेल्या 813 आणि न झालेल्या 793 स्त्रियांची तुलना केली होती. डिओशी संबंध आढळला नाही.

नॉनस्टिकच्या दाव्यात मात्र थोडं तथ्य आहे. तव्यावरचा थर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा. तो बनवताना पूर्वी पीएफओए नावाचं रसायन वापरत, आणि पीएफओएला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये गट 1 मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्यांत, टाकलं. मोठ्या उत्पादकांनी ते 2015 पर्यंत बंद केलं. खरवडून पोटात गेलेला थराचा कण पचत नाही, तसाच बाहेर पडतो. बिघडतं ते रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला की: साधारण 260 अंशांपुढे थर विघटू लागतो, आणखी तापला की त्याच्या धुराने माणसाला फ्लूसारखा ताप येऊ शकतो आणि पिंजऱ्यातले पोपट मरतात. आधी तेल किंवा पीठ, मग गॅस. आच मध्यम, उलथनं लाकडी. भाकरीला कोरडा कडक तवा लागतो, तेव्हा ती लोखंडी किंवा बिडाच्या तव्यावरच करा.

‘टूथपेस्ट म्हणजे केमिकल, त्यापेक्षा नैसर्गिक मशेरी बरी.’ सगळ्यांत घातक सल्ला हाच. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती बोटाने हिरड्यांवर चोळून तोंडात धरली की निकोटिनबरोबर नायट्रोसामाइन्सही ओल्या अस्तराला लागून राहतात. निकोटिन तलफ लावतं, नायट्रोसामाइन्स कर्करोग घडवतात. धूरविरहित तंबाखूही गट 1 मध्येच आहे, आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात 1992 पासून बंदी आहे. घरात कुणी मशेरी लावत असेल तर बॅटरीच्या उजेडात गालांची आतली बाजू, हिरड्या आणि जिभेखाली बघा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्याकडे न्या, दुखत नसलं तरी. सोडायला मदत हवी असेल तर सरकारी क्विटलाइन 1800-11-2356, मोफत.