इंधन अधिभाराविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरसामान हलवण्याच्या आमच्या सेवेबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. सामान वेळेवर आणि सुस्थितीत पोहोचले, मात्र कच्चे तेल उतरल्याच्या बातम्या येत असताना बिलात इंधन अधिभार लावणे ही नफेखोरी आहे, आणि २०२० मध्ये तेल शून्याखाली गेले तेव्हाही वाहतूकदारांनी भाडी कमी केली नव्हती, असे आपले म्हणणे आहे. नफेखोरीचा आरोप गंभीर असल्याने सविस्तर उत्तर देत आहे.

अधिभार बातमीतील कच्च्या तेलावर ठरत नाही. अंदाजपत्रक दिले त्या दिवशीचा आणि गाडी भरली त्या दिवशीचा डिझेलचा पंपावरील दर यांतील फरकाला फेरीत लागणाऱ्या डिझेलने गुणले की तो येतो, आणि दर उतरला असेल तर त्याच हिशेबाने रक्कम वजा होते. कच्चे तेल जहाजाने येऊन, शुद्ध होऊन, टाक्यांत साठून पंपावर पोहोचेपर्यंत कित्येक आठवडे जातात. त्याचा व्यवहार मुख्यतः डॉलरमध्ये होत असल्यामुळे, तेलाचा भाव स्थिर असला तरी डॉलर वधारला की आयात करणाऱ्या देशाला ते महागच पडते, आणि त्यावर कर असतात ते वेगळेच. डिझेलची स्वतःचीही टंचाई होते. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर मार्च २०२२ मध्ये ब्रेंट तेल (उत्तर समुद्रातील, जगभरात भावासाठी आधार धरले जाणारे कच्चे तेल) पिंपामागे १३९ डॉलरच्या आसपास जाऊन आले. पुढे ते बरेच उतरले, तरी युरोप डिझेलसाठी रशियावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असल्याने आणि महासाथीच्या काळात अनेक शुद्धीकरण कारखाने बंद पडलेले असल्याने डिझेल त्या मानाने चढेच राहिले. दर चढताना झपाट्याने चढतात आणि उतरताना रेंगाळतात, ही तक्रार आमचीही आहे.

२०२० चे उदाहरण मात्र येथे लागू पडत नाही. २० एप्रिल रोजी शून्याखाली गेला तो अमेरिकेतील डब्ल्यूटीआय या कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे तेल ताब्यात घेण्याच्या कराराचा, भाव. वायद्याची मुदत संपत आली होती आणि ओक्लाहोमातील कुशिंग येथील साठवणुकीत नव्या तेलासाठी जागा जवळपास उरली नव्हती, म्हणून तेल ताब्यात घेणे टाळण्यासाठी धारक उलट पैसे मोजायला तयार झाले. ब्रेंटचा भाव त्या दिवशीही शून्याच्या वरच होता, आणि फुकट डिझेल कोणत्याही ट्रकच्या टाकीत पडले नाही.

भाव मुळात इतके उसळतात, कारण दर वाढला म्हणून कोणी ट्रक उभे करू शकत नाही; मागणी लगेच घटत नसल्याने पुरवठ्यातील थोडी तूटही भावाला मोठा झटका देते. १९७३ मध्ये अरब उत्पादक देशांनी उत्पादन घटवून काही देशांचा पुरवठा तोडला, तेव्हा काही महिन्यांतच तेल जवळपास चौपट झाले होते.

आपल्या बिलात तेल आणखी एका जागी आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या काचेच्या कपाटाभोवती गुंडाळलेला बबल रॅप, फ्रीजवरची फोम शीट, गाद्यांवरची प्लॅस्टिकची फिल्म आणि खोक्यांवरची चिकटपट्टी हे सारे प्रामुख्याने तेल आणि नैसर्गिक वायूपासूनच बनते. टायरमधील कृत्रिम रबर आणि काजळी, तसेच इंजिन ऑइल यांचे मूळही तेच. या वस्तूंचे दर वाढले तरी ठरलेल्या कामाच्या रकमेत आम्ही बदल करत नाही. अधिभार केवळ डिझेलपुरता असतो.

आपल्या फेरीचे अंतर, लागलेले डिझेल आणि दोन्ही दिवसांचे पंपावरील दर दाखवणारा तक्ता आपल्याला स्वतंत्रपणे पाठवत आहे. त्यातील कोणताही आकडा पटला नाही, तर कृपया मला थेट कळवावे. पुढील वेळी तारीख दोन-चार दिवस मागेपुढे चालणार असेल, तर नोंदणी करतानाच तसे सांगावे; रिकाम्या परतणाऱ्या गाडीत सामान बसवता आले, तर डिझेलचा खर्च विभागला जातो आणि भाडेही कमी लावता येते.

आपला विश्वासू,
संचालक