सही हजेरीची होती

माझ्या माहेरी, कोकणात, काही वर्षांपूर्वी खाणीची जनसुनावणी झाली. मंडप, लाल खुर्च्या, वडा-चहा. आई आणि वाडीतल्या बायकांनी आत शिरताना वहीत सह्या केल्या. कसल्या, तर हजेरीच्या. पुढे अहवालात छापून आलं : ‘महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’. आई अजून म्हणते, प्रतिसाद मी वड्याला दिला होता.

इक्वेडोरच्या वाओरानी आदिवासी बायकांबद्दल वाचताना हे परत आठवलं. अॅमेझॉनच्या वर्षावनात, पास्तासा प्रांतात त्यांची गावं आहेत. २०१२ मध्ये सरकारने तिथे ‘सल्लामसलत’ उरकली. अधिकारी विमानाने उतरले, थोडा वेळ थांबले, निघून गेले. म्हाताऱ्यांना कळेल असं धड भाषांतरही नव्हतं. पण कागदावर विचारून झालं होतं! २०१८ मध्ये सरकारने तेल काढायला आखलेल्या पट्ट्यांचा, म्हणजे ब्लॉकांचा, लिलाव काढला, त्यात यांचं रान ‘ब्लॉक २२’ झालं होतं.

नेमोंते नेन्किमो ही पास्तासातल्या वाओरानींची पहिली महिला अध्यक्ष. तिच्या पुढाकाराने गावं कोर्टात गेली. २०१९ मध्ये सुनावणी सुरू असताना म्हाताऱ्या बायका गायला लागल्या आणि थांबेचनात. शेवटी कामकाज तहकूब करावं लागलं. माझा सगळ्यात आवडता भाग हाच. तुमच्या भाषेत आम्हाला गप्प बसवता, तर आमच्या भाषेत ऐका.

२६ एप्रिल २०१९ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला, जुलैत वरच्या कोर्टातही टिकला. सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर जंगल लिलावातून सुटलं.

आता कुणीतरी लिहीलच, ‘तेल नको तर मोबाईल कशाला वापरतात?’ बाबांनो, वापरतातच. जीपीएस, ड्रोन, जंगलात लावलेले कॅमेरे, सगळं वापरून त्यांनी आपल्या रानाचा नकाशा केला. शिकारीच्या वाटा, औषधी झाडं, जनावरं खारी माती चाटायला येतात त्या जागा. तेलाच्या नकाशात यातलं काहीच नव्हतं.

खटकतं ते वेगळंच. निकाल सल्लामसलत नीट झाली नाही म्हणून लागला. म्हणजे उद्या नीट विचारून नको ते करायची वाट उघडीच. ज्या विचारण्यात ‘नाही’ला किंमत नाही, त्याला मी विचारणं म्हणणार नाही. लग्नाच्या पत्रिका छापून झाल्यावर मुलीला ‘पसंत आहे ना गं?’ म्हणतात, तसलं ते. आपल्याकडे ओडिशात, नियमगिरीला, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने २०१३ मध्ये बारा ग्रामसभांना विचारलं. बाराही नाही म्हणाल्या, आणि बॉक्साइटची खाण अडली. ते खरं विचारणं.

रविवारी आईला वाओरानींच्या नकाशाबद्दल फोनवर सांगितलं. आमच्या सड्याची, म्हणजे गावावरच्या कातळी माळाची, नोंद त्या खाणीच्या कागदांत ‘पडीक’ अशी होती. आई जरा वेळ गप्प बसली, मग मोजायला लागली : पावसाळ्यात पाणी साठतं ती कोंड, गुरांची वाट, करवंदांची जाळी, देवाचा दगड, टिटवी अंडी घालते तो कातळ. मी म्हटलं, थांब गं, पेन घेते.