चिमूटभर कुटाने अ‍ॅलर्जी जात नाही हो

आत्याने काल फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं, "शाळेच्या नाश्त्यातले लाड बंद करा", खाली चार मुद्दे आणि हात जोडलेले इमोजी. आता आमच्याच घरात भाच्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, त्याच्या वर्गात शुक्रवारी पालक आळीपाळीने सगळ्यांसाठी नाश्ता नेतात, आणि हेच फॉरवर्ड तिथल्या ग्रुपवरही पोचलंय म्हणून लिहितेय, नाहीतर सोडून दिलं असतं.

"पूर्वज नाश्ता करत नव्हते." मग न्याहारी हा शब्द कुठून आला? शेतावर भाकरी-ठेचा काय संध्याकाळी जायचा?

"दूध-बिस्किट हाच पूर्ण आहार." पाकीट उलटं करून वाचा. मैदा, साखर, पामतेल. पुढे.

"सगळ्यांना एकच पदार्थ हीच खरी समानता." हे अर्धं पटतं, वेगळा डबा घेऊन कोपऱ्यात बसलेलं पोर मलाही बघवत नाही. पण मग सगळ्यांना चालेल असंच करा ना! वर्गात एका मुलीला सीलिअ‍ॅक आहे, गहू चालत नाही, तर एक आई उपमा घेऊन आली, म्हणे पोळी थोडीच आहे. अहो, रवा गव्हाचाच असतो. उकड करा, इडली करा, मुगाची धिरडी करा, कोण नाही म्हणतंय.

आणि आता तो चौथा मुद्दा, ज्याने माझं डोकं फिरलं. "शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी हे फॅड आहे, रोज चिमूटभर कूट द्या, सवय होऊन जाते." हे कुठून आलंय ते सांगते. २०१५ साली लंडनच्या लीप अभ्यासाचे निष्कर्ष आले, ६४० बाळं, वय ४ ते ११ महिने, ज्यांना लहानपणीच नियमित शेंगदाणा खाऊ घातला त्यांच्यात पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी खूपच कमी निघाली. हे खरंय, मान्य. पण ते अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून होतं, आणि ज्या बाळांना त्वचेच्या चाचणीत आधीच मोठी गांध उठली त्यांना त्यात घेतलंच नव्हतं!! झालेल्या अ‍ॅलर्जीवर थोडं थोडं देऊन उपचार करतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजून, तिसरीतल्या पोराच्या डब्यात दुसऱ्याच्या आईने चिमूट टाकून नाही. घसा सुजून श्वास अडकला तर आधी अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं, लिंबू-पाणी नाही.

आपल्याकडे तर कूट कशात नसतं? खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी. त्यात हल्ली घाण्याचं तेल, चांगलंच असतं, पण रिफाइंडमध्ये शेंगदाण्याचं प्रोटीन जवळपास उरत नाही आणि घाण्याच्या तेलात राहू शकतं, म्हणून विचारायला लागतं. बाकी पोरांना शेंगदाणा उत्तमच, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही गरम जेवण जमत नसेल तिथे शेंगदाणे किंवा चणे गुळासोबत द्या असं लिहिलंय. "किंवा चणे". आमच्या पाळीच्या शुक्रवारी आम्ही चणे-गूळच नेतोय.

आणि आत्या, रविवारी येतोय तुझ्याकडे. पोह्यातले दाणे नंतर वेचून काढायचे नाहीत, मुळात घालायचेच नाहीत.