दलदलीचा भाव काढताना घ्यायची काळजी

पाणथळ जागांचा कार्यभार तुमच्या टेबलावर आला, अभिनंदन! घाबरू नका, या टेबलावर आजवर कोणी बुडालेलं नाही. थोड्याच दिवसांत वरून पत्र येईल, 'पाणथळ व्यवस्थापनात परिसंस्था सेवांच्या मूल्यमापनाचा अंतर्भाव करण्यात यावा.' त्यातला 'अंतर्भाव' हा शब्द नीट पाहून ठेवा. अंतर्भाव मुख्य आराखड्यात करता येतो, तसाच परिशिष्टातही करता येतो. तुम्ही परिशिष्टात करा.

बैठकीत वेळ निभावण्यापुरतं थोडं माहीत असावं. दलदल पुराचं पाणी थोपवून धरते आणि सावकाश सोडते, सांडपाण्यातला गाळ अन् नत्र अडवते, मासे देते, लव्हाळी देते, कार्बन पोटात दाबून ठेवते. याच तिच्या 'परिसंस्था सेवा', सगळ्या बिनपगारी. कागदावर मात्र ती कायम पडीक. अमेरिकेने 1850 साली खास कायदा करून दलदली राज्यांना देऊन टाकल्या होत्या, कशासाठी, तर पाणी काढून जमीन 'उपयोगात' आणायला. पुढे 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधल्या रामसर गावी पाणथळी राखण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पाणथळींना थोडे बरे दिवस आले. 2005 मध्ये या करारातल्या देशांनी पाणथळीच्या 'परिस्थितिकीय स्वरूपा'च्या व्याख्येतच तिच्या सेवा घालून ठेवल्या. म्हणजे कराराच्या यादीतल्या एखाद्या पाणथळीची पूर थोपवायची ताकद गेली, तर तिचं स्वरूपच बदललं असं धरायचं, आणि तसं कळवणं देशावर बंधनकारक. हे तुम्हाला ठाऊक आहे, हे कोणाला कळू देऊ नका.

आता मुख्य काम. आकडा मोठा घ्या. आकडा जितका मोठा, तितका निरुपद्रवी. 1997 मध्ये पर्यावरण-अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीच्या परिसंस्था सेवांची किंमत वर्षाला सुमारे 33 लाख कोटी डॉलर काढली. तेव्हा जगाचं एकूण राष्ट्रीय उत्पन्न होतं 18 लाख कोटींच्या आसपास. मायकेल टोमन या अर्थशास्त्रज्ञाने त्यावर शेरा मारला, की हा अनंताचा फारच कमी धरलेला अंदाज आहे. शेरा झोंबरा आहे, पण तुमच्या कामाचा आहे. संपूर्ण दलदलीची किंमत कितीही काढली तरी कोणाचं काही अडत नाही, कारण संपूर्ण दलदल विकायला कोणी काढलेलीच नसते. तुमच्यासमोर फाईल येते ती उत्तरेकडच्या कोपऱ्यावर भराव टाकण्याची. त्या एका कोपऱ्याने पुराची पातळी किती चढेल, आणि चढलेलं पाणी कोणाच्या उंबऱ्यात जाईल, हा प्रश्न अहवालात कुठेही येता कामा नये. तेवढं जमलं की निम्मं काम झालं.

आकडा येतो कुठून? उसना आणायचा. याला मूल्य-हस्तांतरण म्हणतात, चांगली शास्त्रीय पद्धत आहे. दुसऱ्या खंडातल्या, दुसऱ्या हवेतल्या एखाद्या पाणथळीचा हेक्टरी दर उचलायचा आणि आपल्या हेक्टरांनी गुणायचा. प्रामाणिक अभ्यासक हे करताना दोन्हीकडचं पाणी, माणसं, उत्पन्न यांतला फरक पाहून दर जुळवून घेतात. तुम्हाला त्या भानगडीत पडायचं कारण नाही, हेक्टर तेवढे बरोबर लिहा. शिवाय भविष्यातल्या लाभांची आजची किंमत काढताना दरवर्षी थोडी घट धरायची असते, तिला वटावाचा दर म्हणतात, तो दसादशे 10 ठेवा. 50 वर्षांनी मिळणारे 100 डॉलर आज 85 सेंटांचे होतात. नातवंडांचा प्रश्न एका चौकटीत सुटतो.

क्षेत्रभेटीचा आग्रह कोणी धरलाच, तर रामसर करारातल्या देशांनी 2018 मध्ये दुबईला स्वागत केलेली एक झटपट पद्धत आहे. महागडी उपकरणं नाहीत, संगणक नाही. दोघातिघांनी जायचं, फिरायचं, तिथल्या माणसांशी बोलायचं आणि प्रत्येक सेवेपुढे खूण करायची. फारच लाभ असेल तर दोन अधिक, जरासा असेल तर एक, काहीच नसेल तर शून्य, त्रास असेल तर उणे. डासांचं उणे तिथेच येतं. पद्धत चांगली आहे, म्हणूनच जपून वापरा. ती माणसांशी बोलायला सांगते, आणि माणसं बोलतात.

समजा, तुम्ही काठावर उभे आहात. गमबूट नवे आहेत, फॉर्म फळीला लावलेला आहे. गुडघाभर पाण्यात एक बाई लव्हाळी कापते आहे. तुम्ही विचारता, "बाई, या जागेचं सौंदर्यमूल्य काय वाटतं तुम्हाला?" ती विळा थांबवते, तुमच्या बुटांकडे बघते. म्हणते, "साहेब, गेल्या पुरात पाणी इथं पसरलं म्हणून खालची वस्ती राहिली. तिकडं भराव पडला तर पाणी जाणार कुठं, ते लिहिलं का?" फॉर्मवर 'पूर-नियंत्रण' असा रकाना आहे, त्यात तुम्ही दोन अधिक करता. भरावाचा रकाना नाही. "लिहिलं, लिहिलं," म्हणा आणि सौंदर्यमूल्यासाठी दुसरं कोणी शोधा.

फार खोलात शिरलं की काय होतं, तेही बघा. कोलकात्याला ध्रुवज्योती घोष नावाचे सरकारी अभियंते होते. शहराचं सांडपाणी जातं कुठे, हे पाहायला ते त्याच्या मागोमाग गेले. पूर्वेच्या भेड्यांमध्ये, म्हणजे सांडपाण्यावरच्या मत्स्यतळ्यांमध्ये, ऊन, शेवाळ आणि मच्छीमारांचं पिढीजात कसब मिळून त्या घाणीचे मासे करत होते, शहराला शुद्धीकरणाचा खर्च न लावता. घोषांनी ते नकाशावर आणलं, 1992 मध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या जमिनीचा वापर बदलण्यावर बंधन घातलं, आणि 2002 मध्ये सुमारे 12,500 हेक्टर रामसरच्या यादीत गेले. बघा, एक माणूस नाल्याच्या कडेने चालला आणि केवढा पसारा झाला.

त्यापेक्षा युगांडाच्या राजधानीचं, कंपालाचं उदाहरण सोयीचं. तिथली नाकिवुबो दलदल शहराचं सांडपाणी व्हिक्टोरिया सरोवरात जाण्याआधी गाळते, आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून येतं. 1999 च्या अभ्यासात या सेवेची किंमत वर्षाला 10 लाख ते साडेसतरा लाख डॉलर निघाली. आकडा जगभर दाखल्यादाखल सांगितला गेला. दलदल त्यानंतरही शेतं, घरं आणि कारखान्यांखाली जातच राहिली. आकडा आणि भराव, दोघंही आपापल्या जागी सुखी. तुम्हाला असाच आकडा हवा आहे.

सर्वांत वाईट वागले ते अमेरिकेच्या लष्कराचे अभियंते. बॉस्टनजवळच्या चार्ल्स नदीचा पूर आवरायला धरण आणि भिंती बांधायच्या तर 10 कोटी डॉलर लागत होते. वरच्या अंगाच्या दलदली विकत घेऊन तशाच राहू दिल्या तर सुमारे 1 कोटी. त्यांनी चार प्रकारच्या सेवांची कोष्टकं भरली नाहीत, फुलपाखरांना भाव लावला नाही. पूर अडवायचं हेच काम कोण स्वस्तात करतं, एवढंच विचारलं, आणि तेही बांधकाम ठरायच्या आधी! 1974 मध्ये संसदेने मंजुरी दिली, 8,100 एकरांच्या आसपास दलदल राखली गेली. इतक्या गलथान कामाला आपल्याकडे कोणी अंतिम बिलही काढलं नसतं.

तेव्हा वेळेचं पथ्य पाळा. आधी रस्त्याची आखणी, मग निविदा, मग भूमिपूजन, मग मूल्यमापन. वरातीमागून घोडं येऊ द्या, पण घोडं सजवलेलं असावं. मुखपृष्ठावर बगळा, आत रंगीत आलेख, शेवटी कार्यशाळेचे फोटो. पाटबंधारे, नगररचना आणि अर्थ या तिन्ही खात्यांना प्रती 'माहितीस्तव' पाठवा, 'अभिप्रायार्थ' नको. एका शब्दाच्या फरकाने माणसं वाचायला बसतात.

उरलेल्या प्रतींची सोय भरावावर उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीत होईल. तुमचं कार्यालयही तिथेच हलणार आहे म्हणे. अहवालाचं कपाट तेवढं आग्रहाने पहिल्या मजल्यावर मागून घ्या. कारण विचारलं तर अहवालातलं पान 112 दाखवा, 'पूर-नियंत्रण, दोन अधिक'.