विमानाआधी त्या केबिनकडे बघा

परवा सकाळी साडेसातला शेजारच्या वावरात तुरीवर ड्रोनने फवारणी होती. बचत गटाच्या ताईंनी धुऱ्यावर ताडपत्री अंथरली, टाकी भरली आणि रिमोटच्या स्क्रीनवर ऊन चमकतं म्हणून डोक्यावरचा दुपट्टा पुढे ओढून त्याच्या सावलीत बघत ड्रोन उडवलं. चार ओळी नीट झाल्या. पाचवीला ड्रोन मोठ्या कडुनिंबाच्या मागे गेलं आणि स्क्रीनवरचं चित्र थिजलं. ते जागीच थांबलं, मग आपोआप वर चढून निघालं होतं तिथे येऊन उतरलं. पंखे ठणठणीत, बॅटरी भरलेली, औषध अर्धं शिल्लक. एका झाडाने सिग्नल अडवला होता, एवढंच. ताईंनी सामान उचललं, धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाच्या उंचवट्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि उरलेली तूर वीस मिनिटांत झाली.

मी सैन्यात सिग्नलमध्ये बावीस वर्षं काढली. माझं आयुष्य अँटेना, केबल आणि जनरेटर यांच्यात गेलं. त्यामुळे ते चित्र थिजलं तेव्हा मला आपलं वावर दिसेना, लडाख दिसायला लागलं. तिथे कडुनिंबाच्या जागी अठरा हजार फुटांचा डोंगर असतो.

सध्या गावात, पारावर, मोबाईलवर सगळीकडे ड्रोनचीच चर्चा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये आपण अमेरिकेकडून 31 एमक्यू-9बी ड्रोन घ्यायचा करार केला. 15 नौदलाला, 8 लष्कराला, 8 हवाई दलाला. चाळीस हजार फुटांवर उडणारं हे यंत्र. आपल्या नागपूरच्या कारखान्यात तयार झालेल्या नागास्त्र-1 ची, म्हणजे लक्ष्यावर जाऊन स्वतःच फुटणाऱ्या ड्रोनची, 120 नगांची पहिली खेप जून 2024 मध्ये लष्कराला मिळाली, तेव्हा मी स्वतः पेढे वाटले. पण प्रत्येक चर्चेत फोटो असतो तो विमानाचाच. जमिनीवरच्या ज्या केबिनमधून ते चालतं, तिचा फोटो मी कुठेच बघितला नाही. ड्रोन सुधारायचे म्हणून जो पैसा खर्च होईल, त्यावर पहिला हक्क त्या केबिनचा आहे, हे माझं ठाम मत आहे.

उंचावरच्या ड्रोनला जमिनीवरून दोन प्रकारे हुकूम देता येतो. एक थेट रेडिओने. त्यात अँटेना आणि ड्रोन यांच्यामध्ये काही यायला नको. मैदानावर ही नजर शेकडो किलोमीटर जाते, डोंगरात मात्र पहिल्याच सुळक्यावर अडते. दुसरा रस्ता उपग्रहाचा. उपग्रह 36,000 किलोमीटर वर. सिग्नल तिथवर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद, आणि केलेल्या हुकमाचा परिणाम स्क्रीनवर दिसायला आणखी पाव सेकंद. उतरताना अर्धा सेकंद फार असतो. म्हणूनच अमेरिकेच्या जुन्या ड्रोनना धावपट्टीजवळ वेगळी टोळी लागायची. ती विमान चढवायची, उतरवायची आणि मधला ताबा दूरच्या केबिनकडे द्यायची. नव्या एमक्यू-9बीमध्ये उतरणं-चढणं यंत्र स्वतः करतं, उपग्रहावरूनच. सुधारणा म्हणतात ती ही. कारगिलनंतर आपण घेतलेल्या जुन्या इस्रायली हेरॉन ड्रोनना उपग्रहाची जोड द्यायची योजना मात्र वर्षानुवर्षं चर्चेतच राहिली. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

डिसेंबर 2017 आठवा. सिक्कीमच्या बाजूला सरावावर असलेल्या आपल्या ड्रोनचा जमिनीशी संपर्क तुटला आणि ते ताबारेषा ओलांडून चीनकडे गेलं. संरक्षण मंत्रालयाने तसं निवेदनच दिलं होतं. चीनशी झालेल्या डोकलाम वादाची धग जेमतेम निवली होती. संपर्क तुटण्याची किंमत काय असते, ते त्या दिवशी कळलं.

आणि तुटण्याइतकंच वाईट म्हणजे दुसऱ्याने ऐकणं. 2009 मध्ये उघड झालं की इराकमधले बंडखोर अमेरिकी प्रिडेटर ड्रोनचं चित्र आपल्या लॅपटॉपवर बघत होते, 26 डॉलरच्या सॉफ्टवेअरने. कारण खाली येणारं चित्र कुलूपबंदच केलेलं नव्हतं. आपण घरी गव्हाच्या कोठीला कुलूप लावतो. इथे पोरांचे जीव आहेत. या कुलपाची किल्ली आणि सॉफ्टवेअरचा मूळ कोड, दोन्ही आपल्याच माणसांच्या हातात हवेत.

यावर कोणी म्हणेल, आपल्याला जमतं का? जमतं. डीआरडीओ या आपल्या संरक्षण संशोधन संस्थेचं तापस ड्रोन घ्या. तीस हजार फूट आणि चोवीस तास हे लक्ष्य होतं, ते 28,000 फूट आणि 18 तासांवर अडलं. सगळ्यांनी त्याला नापास म्हटलं. पण जून 2023 मध्ये तेच तापस चित्रदुर्गहून उडालं आणि कारवारपासून 148 किलोमीटर समुद्रात असलेल्या आयएनएस सुभद्रा या नौदलाच्या जहाजाने जमिनीवरच्या केंद्राकडून त्याचा ताबा घेऊन 40 मिनिटं ते चालवलं. उडत्या विमानाचा ताबा एका हातातून दुसऱ्या हातात देणं किती नाजूक काम आहे, हे सिग्नलवाल्याला विचारा. त्याच्या जमिनीवरच्या यंत्रणेत आपल्या अभियंत्यांची कित्येक वर्षं गेली आहेत. विमान कमी पडलं म्हणून ते सगळं अडगळीत टाकलं, तर तो फार मोठा अन्याय होईल.

माणसांचंही तसंच. हरभऱ्यात जागल करणाऱ्याला ठाऊक आहे, रात्री तीन वाजता डुक्कर येतं तेव्हा टॉर्च कितीही लांब फेकणारा असो, हातातला माणूस पेंगला की वावर गेलं. त्या केबिनमध्ये पोरं तासन् तास पांढऱ्या बर्फाकडे बघत बसतात. कालचं चित्र आणि आजचं चित्र जुळवून बदल दाखवणारं सॉफ्टवेअर, चांगल्या खुर्च्या, बरोबर आखलेल्या पाळ्या, पुरेसे प्रशिक्षित लोक. याला चैन समजू नका.

माझा पुतण्या वर सीमेवर आहे. कुठे ते लिहीत नाही. परवा वहिनीने विचारलं, "भाऊजी, ते वरतून पाहते ना, त्याले आपला पोरगा दिसते का जी?" मी म्हटलं, ते पोराकडे नाही, पोराच्या पलीकडे बघते. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग पाहणाऱ्याले जेवण-झोप बरोबर भेटते का?" संरक्षणावर तासभर बोलणाऱ्यांच्या तोंडून हा प्रश्न मी कधी ऐकला नाही.

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडची पोरं इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर शिकतात आणि पुण्याला जाऊन दुसऱ्यांचे अ‍ॅप बनवतात. त्यातल्या दहा जणांनी तरी अँटेना, लिंक, एन्क्रिप्शन (म्हणजे सिग्नलचं ते कुलूप) याकडे वळावं, असं मला मनापासून वाटतं. माझ्याकडे जुन्या वह्या आहेत, वेळ आहे. तुरीची पुढची फवारणी येत्या गुरुवारी आहे. ज्याला यायचं त्याने सातच्या आत धुऱ्यावर यावं. त्या कडुनिंबामागे सिग्नल नेमका कुठे तुटतो, तिथून सुरुवात करू.