जुनी पानं उडवली म्हणून साइट ताजी होत नाही

स्वतःची साइट चालवणाऱ्यांत एक सल्ला जोरात फिरतोय: दोन वर्षांपेक्षा जुनी पानं उडवा, उरलेल्यांवर आजची तारीख घाला, भरपूर टॅग (लेखाला चिकटवायचे विषयशब्द) द्या, गूगलवर साइट वर येते. तिन्ही गोष्टी चुकीच्या, पण नुकसान प्रत्येकीचं वेगळं.

तारखेचं आधी. मजकूर जवळपास तोच ठेवून तारीख बदलू नका, असं गूगलच्याच मार्गदर्शिकेत आहे. ताजेपणासाठी ढीगभर जुनं काढल्याने क्रमांक सुधारत नाही, हेही तिथेच. साइटमॅपमधली (गूगलसाठीची पानांची यादी) ‘लास्टमॉड’, म्हणजे शेवटच्या बदलाच्या तारखेची नोंद सातत्याने खरी निघाली तरच गूगल ती धरतं. बदलायचा तो मजकूर. ‘गोव्यात विमानतळ एकच, दाबोळी’ असं तुमच्या पानावर अजून असेल, तर ते जुनं झालं; मोप्याच्या नव्या विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमानं उडतायत. तो परिच्छेद नव्याने लिहा, पेडण्याला जाणाऱ्याला मोपा जवळ पडतं हे सांगा, मग खाली ‘सुधारित’ म्हणून तारीख टाका. मूळ तारीख राहू द्या.

पानं उडवणं सगळ्यांत महागात पडतं. गोव्यातल्या शिरगावची लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे इंग्रजी तारीख दरवर्षी वेगळी. म्हणून बरेच जण पत्त्यात साल घालून दरवर्षी नवं पान करतात आणि गेल्या सालचं काढतात. इतरांनी दिलेले, व्हॉट्सॲपवर गेलेले सगळे दुवे मग 404 वर, म्हणजे ‘पान सापडत नाही’ वर आपटतात. पत्ता बिनसालाचा ठेवा, तारखेची ओळ तेवढी बदला. धोंडांचं (देवीच्या व्रतस्थ भक्तांचं) व्रत, अग्निदिव्य (निखाऱ्यांवरून चालणं), जायची वाट हा मजकूर दरवर्षी कशाला हलवायचा?

दोन पानं एक करायची असतील तर जुन्या पत्त्यावरून 301 (नव्या पत्त्याकडे कायमचं वळण) लावा, किमान वर्षभर काढू नका. तो त्याच विषयाच्या पानावर न्या. सरसकट मुखपृष्ठावर नेलेत तर गूगल बहुधा ते पान हरवलंच असं समजतं. बंद पडलेल्या खाणावळीचं पान मात्र खुशाल काढा, पर्याय नसेल तर 410 (‘पान कायमचं गेलं’ हा संकेत) द्या.

वर्डप्रेसवाल्यांसाठी एक खोच. पोस्टचा स्लग (पत्त्यातला पानाच्या नावाचा भाग) बदलला तर जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो, ‘पेज’चा वळत नाही; तिथे 301 हाताने लावावा लागतो. आणि स्लगची मर्यादा 200 जागांची. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी तिथे 9 जागा खाते. ‘शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला कसं जायचं’ हा मथळा ‘शिरगावच्या-लईराई-देवीच्य’ इथेच तुटतो, शेवटचा कानासुद्धा गळतो. स्लग दोन-तीन शब्दांचा, हाताने लिहिलेला बरा.

राहिले टॅग. वर्डप्रेस प्रत्येक टॅगचं वेगळं पान बनवतं. एकच लेख असलेला टॅग म्हणजे त्याच लेखाची फिकी नक्कल. ‘फोंडा’, ‘फोंडे’, ‘फोंडा तालुका’ असे तीन टॅग एकाच साइटवर असतात, ते एकात घाला. विभाग (कॅटेगरी) पाच-सहा पुरेत. तीन लेख होईपर्यंत नवा टॅग काढू नका.